पंचवीसचा कट्टा

शून्य ते दहा, मावशी, आज किती दुखतंय?
तबस्सुम मॅडम रोज विचारतात.
दहात काय सांगू?
आमच्यात दहाची मोजणी नाही.
पंचवीस विड्यांचा कट्टा, चाळीस कट्ट्यांचे हजार,
आणि चेकरनं बाजूला फेकली ती छाट.
म्हणून मी म्हणते, आज दोनशे छाट.
पहिल्यांदा त्या हसल्या.
आता वहीत तसंच लिहितात.

गादी सरकलीय, असं मोठे डॉक्टर म्हणाले होते
सहा वर्षांपूर्वी. फोटो काढला,
साडेपाच हजार गेले.
तेव्हापासून ती गादी सांभाळत फिरते मी.
शिंक आली की भिंत धरते,
पडलेली कात्री नातीकडून उचलून घेते,
घरकुलच्या नळावर माझी घागर
शेजारची राजेश्वरी भरते आणि वर काही बोलत नाही,
ते जास्त लागतं.
पट्टा इतका आवळते
की पोटाला भूक कळत नाही.

सुरुवातीला शेक. मग करंट,
चार रबरी चकत्या, पाठीत मुंग्यांचं वारूळ.
बरं वाटायचं.
कुंभारीच्या रिक्षात बसेपर्यंत.
एके दिवशी त्यांनी मशीनची वायर गुंडाळून ठेवली.
म्हणाल्या, हे मी जन्मभर देईन
आणि तुम्ही जन्मभर येत राहाल.
चला, खाली वाका.

सरकेल, मी म्हटलं.

अहो, सरकायची असती
तर एव्हाना अक्कलकोटला पोचली असती.

वाकले.
बोटं गुडघ्याखाली गेली, नडगीवर थांबली.
आत काही तुटल्याचा आवाज आला नाही.
मी रडले. का,
ते लिहायला वहीत रकाना नव्हता.

मांडीवर सूप, मान खाली,
आठव्या वर्षापासून हीच बैठक.
अम्मानं तीन गोष्टी शिकवल्या:
पान ओलं ठेव, दोरा घट्ट ओढ, मान वर करू नकोस.
मॅडम म्हणतात, दोन कट्टे झाले की उठायचं,
दारापर्यंत जाऊन यायचं.
मी हिशेब घातला.
एका उठण्याला आठ विड्या,
दिवसाला सव्वाशे.
ते कुणाच्या वहीत मांडायचं?

त्या गप्प झाल्या.
पंखा तेवढा फिरत राहिला.
मग म्हणाल्या, माझी अम्मीपण वळायची,
शाळेतून आले की मीही बसायचे.
तेव्हा कळलं, त्यांचा अंगठा
दुखरी जागा न विचारता कशी गाठतो.
विडीचं तोंड मिटताना शिकलेला अंगठा तो,
दाब किती द्यायचा, पान फाटू न देता.
चार कट्ट्यांवर आमचं जमलं.

आता मी उठले की समोरची बालम्मा विचारते,
कुठं निघालीस?
कुठं नाही, म्हणते. दारापर्यंत.
परवा तीही उठली. उगाच. दारात उभी राहून
रस्त्यावरची शेळी बघत बसली.

रात्री चादर अंथरते, मोराची.
एका कडेला मोराची मान चुकलीय,
म्हणून ती विकली गेली नाही, आमच्या घरी आली.
उताणी पडायचं, गुडघे उभे, कंबर वर.
याला पूल म्हणतात.
दहा वेळा, असं कागदावर आहे.
पण दहावर दोरा बांधता येत नाही मला,
ओकटी, रेंडू, मूडू,
कट्टा पुरा व्हावा लागतो.

दुखतंय. नाही कसं म्हणू?
आज एकशेवीस छाट.

अंबादास लूमवरून येतो,
ऐकू कमी येतं त्याला, म्हणून ओरडून विचारतो,
नडुमू खरंच उचललीस का गं?
मग शेजारी उकिडवा बसतो,
हात आडवा करतो
आणि माझ्या पाठीखालून सरकवतो
या बाजूनं त्या बाजूला,
कुठंही न लागता.

जातोय, म्हणतो.

इरवै मूडू. इरवै नालुगु.
थांब, हात काढ.
अजून एक.